सुपारी हातमा द्या

मागच्या माघात भाचीच्या लग्नाची तारीख निघाली आणि बँड ठरवायचं काम माझ्या वाट्याला आलं. आमच्याकडे बँड फोनवर ठरत नाही, जाऊन बसावं लागतं. नंदुरबारच्या बाजारात एका अरुंद गाळ्यात बँडवाल्यांची बैठक होती. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले ट्रम्पेट, कोपऱ्यात गवसणी घातलेला ढोल, दोरीवर ओळीनं टांगलेले जरीचे लाल कोट आणि टेबलावर लाल कापडी बांधणीची लांबट वही. मालक साठीचे होते. त्यांनी तारीख विचारली, गाव विचारलं, मिरवणूक कुठून निघणार आणि कुठे थांबणार ते विचारलं. रक्कम ठरली. आगाऊ पैसे मी मोजून पुढे केले. त्यांनी ते न मोजताच वहीखाली सरकवले, पेनाचं टोपण काढलं आणि हात तसाच थांबवून म्हणाले, "तारीख मी लिखी लेस, भाऊ. पन पयले सुपारी हातमा द्या."

सोबत भाचा होता. एकोणीस वर्षांचा, पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मामा, कुणाची?"

मालक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "बेटा, आमी सुपारी लीसन वाजाडतस. कोनले मारतस नही."

पोरगा ओशाळला. मी त्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पिटाळलं. तो सुपारी घेऊन आला आणि सोबत एक प्रश्नही घेऊन आला. दुकानदारानं त्याला विचारलं होतं, "खायची देऊ की पूजेची?"

पाव तासाच्या आत एकाच शब्दाचे चार अर्थ आमच्यासमोर आले होते. खायची सुपारी, पूजेची सुपारी, वाजवण्याची सुपारी आणि मारण्याची सुपारी. भाच्याच्या डोक्यात सगळ्यात आधी चौथा अर्थ आला, मालकांच्या डोक्यात तो सगळ्यात शेवटी आला. दोघांमध्ये चाळीस वर्षांचं अंतर होतं. या चाळीस वर्षांत या शब्दाचं काय झालं, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि तो अजून माझ्याजवळ आहे.

नंदुरबार जिल्ह्यात सुपारीच्या बागा नाहीत. आमची ओळख मिरचीची. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली की लांबून जमीन लाल दिसते आणि जवळ गेलं की ठसका लागतो. सुपारीला कोकणातली दमट हवा लागते. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला, बाकी माल कर्नाटक-केरळाकडचा. म्हणजे तापीकाठच्या देव्हाऱ्यात पोचणारी प्रत्येक सुपारी शेकडो मैल चालून आलेली असते. तरी इथल्या एकाही मंगल कार्याचं तिच्यावाचून चालत नाही.

ती तिथे काय करते, ते नीट पाहण्यासारखं आहे. तांदळाच्या पुंजीवर सुपारी मांडली की ती गणपती होते. नवग्रह मांडायचे तर नऊ सुपाऱ्या मांडतात. पत्नी हयात नसलेला माणूस धार्मिक कार्याला बसतो तेव्हा तो कमरेला सुपारी खोचतो, आणि तेवढ्यापुरती ती सुपारी पत्नीच्या जागी असते. देव असो, ग्रह असो की गेलेलं माणूस असो, जे समोर बसू शकत नाही त्याच्या वतीनं सुपारी हजर राहते. तिला हे काम का मिळालं असावं? ती टणक असते, सहसा नासत नाही, मुठीत मावते. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की तिची किंमत नगण्य असते. सोनं साक्षीला ठेवलं तर सोन्याचाच मोह सुटेल. दोन-पाच रुपयांच्या सुपारीला मोल येतं ते देणाऱ्या-घेणाऱ्याच्या शब्दामुळे. त्या व्यवहारातून शब्द काढून घेतला तर हातात एक कडक बी तेवढी उरते.

संस्कृतात सुपारीला पूग म्हणतात. पूजा सांगताना गुरुजी 'पूगीफल' म्हणतात ते यातूनच आलेलं. पण संस्कृत कोशात 'पूग' शब्दाचा आणखी एक अर्थ मिळतो: माणसांचा समूह, संघ. याज्ञवल्क्य स्मृतीत तंटे सोडवणाऱ्या संस्थांची जी उतरंड दिली आहे तिच्यात कुल, श्रेणी आणि पूग अशी नावं येतात. एका गावात राहणाऱ्या, वेगवेगळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या माणसांची सभा म्हणजे पूग, असा अर्थ टीकाकार सांगतात. सुपारीचा पूग आणि सभेचा पूग यांचं मूळ एकच आहे, असं मला म्हणायचं नाही. पण चार माणसं जमली की मधल्या ताटात सुपारी असतेच, हे मात्र मी जन्मभर पाहत आलो आहे.

खान्देशात लग्न जुळलं की 'सुपारी फुटली' म्हणतात. मुलीकडची आणि मुलाकडची जाणती माणसं बसतात, देण्याघेण्याचं बोलणं होतं आणि सगळ्यांच्या देखत सुपारी फोडतात. फुटलेली सुपारी पुन्हा सांधता येत नाही, तसा दिलेला शब्द मागे घेता येत नाही. त्यानंतर कोणी स्थळ मोडलं तर गाव म्हणतं, "सुपारी फुटल्यावर माघार घेतली." या वाक्यातला ठपका कोर्टाच्या निकालापेक्षा जड असतो. सातपुड्यात वर चढलं की सुपारीची जागा मोहाची दारू घेते. भिल्ल आणि पावरा पाड्यांवर सोयरीक ठरते तेव्हा दारूची धार आधी जमिनीवर सोडतात आणि मग माणसं पितात. वस्तू वेगळी, पण तिच्यामागची गरज एकच. ज्या समाजात लिहून घेणारा कोणी नव्हता, त्या समाजाला शब्द कुठेतरी ठेवायला जागा हवी होती. खाली बाजारात जमिनीच्या सौद्याला इसारपावती असते, तिच्यावर सह्या असतात, तिकीट असतं. ज्यांच्या व्यवहाराला पावती नसते, त्यांना सुपारी लागते.

कलावंत या पावती नसलेल्या लोकांतले. तमाशाचा फड, कीर्तनकार, गोंधळी, बँड यांच्या ठरावाला सुपारी म्हणतात ते याच कारणानं. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी तिथे येतात, बोलणी करतात आणि सुपारी देऊन परततात. फडमालकाला 'यंदा किती सुपाऱ्या झाल्या' असं विचारलं की तो आपल्या वर्षाचा हिशोब सांगतो. या वापरात 'सुपारी' शब्दाला कसलाही डाग नाही. उलट त्यात मान आहे. ज्यांना गावानं नाचवलं, वाजवायला लावलं आणि जेवायला वेगळ्या पंगतीत बसवलं, त्यांच्याशी गाव बरोबरीनं बोलत होतं तो क्षण सुपारीचा होता. सुपारी घेतलेला फड जास्त पैशासाठी दुसऱ्या गावी जायचा नाही, आणि सुपारी दिलेलं गाव दुसरा फड आणायचं नाही. बांधलेले दोघेही असायचे.

मग हाच शब्द मुंबईच्या टोळ्यांनी उचलला.

नेमकं कोणी आणि कोणत्या साली तो प्रथम तसा वापरला, याची नोंद कुणाच्या वहीत सापडणार नाही. टोळीचे शब्द असेच जन्मतात. पण तो का उचलला गेला, हे समजण्यासारखं आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या २३व्या कलमानुसार ज्याचा हेतूच बेकायदा, तो करार रद्दबातल. खुनाचा सौदा करणाऱ्याला कागद करता येत नाही, साक्षीदार ठेवता येत नाहीत, पैसे घेऊन काम केलं नाही म्हणून दावा लावता येत नाही. तरी सौदा बांधणारा हवा असतो. अशा वेळी त्या माणसांनी आपल्या ओळखीतला सगळ्यात जुना, कागदावाचून चालणारा करार काढला. टोळीतली माणसं आकाशातून पडली नव्हती. कोणी गिरणीतून आलेलं, कोणी चाळीतून, कोणी कोकणातून, कोणी घाटावरून. प्रत्येकानं लहानपणी घरच्या देव्हाऱ्यात सुपारी पाहिली होती आणि गावच्या जत्रेत सुपारीवर आलेला तमाशा पाहिला होता. शब्द त्यांना घरूनच मिळालेला होता. त्यांनी त्यातला विषय बदलला आणि बंधन तसंच ठेवलं. सुपारी घेतली की काम झालंच पाहिजे, ही फडमालकाची शपथ पिस्तूलवाल्याच्या तोंडी गेली. तिचं हे स्थलांतर मला फार दुःखद वाटतं, आणि तितकंच विचार करायला लावणारं वाटतं. माणूस पाप करायला निघाला तरी त्याला विश्वासाची भाषा पवित्र जागेतूनच उसनी आणावी लागते.

आमच्याकडे हा अर्थ कधी पोचला ते मला बरंच स्पष्ट आठवतं. जानेवारी १९९७ मध्ये मुंबईत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांचा खून झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुलशनकुमार यांचा. वर्तमानपत्रं सकाळी धुळ्याकडून येणाऱ्या गाडीनं यायची. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलेल्या त्या बातम्यांतून 'सुपारी' गावात आली. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ला, धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. गावात आनंद होता. आता कलेक्टर कचेरीसाठी धुळ्याला जावं लागणार नव्हतं. दोनच दिवसांनी, ३ जुलैला, 'सत्या' नावाचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मुंबईच्या टोळ्यांची बोली त्यानं देशभर पोचवली. नवा जिल्हा आणि शब्दाचा नवा अर्थ आमच्या दारात एकाच पावसाळ्यात आले. जिल्ह्याच्या हद्दी नकाशावर काळजीपूर्वक आखल्या होत्या, पण शब्दाला हद्द नसते. आमच्या नवापूर रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. फलाटावर पलीकडच्या टोकाला जाऊन 'सोपारी' म्हणा, तिथेही दोन्ही अर्थ कळतात.

अशा बदलाला आपण पटकन 'शब्द बिघडला' म्हणतो. भाषेचे अभ्यासक त्याला अर्थापकर्ष म्हणतात, म्हणजे अर्थाची उतरण. 'दादा' हा घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द गल्लीतल्या गुंडाकडे गेला. 'भाई'चंही तेच झालं. पण उतरण असते तशी चढणही असते, अर्थोत्कर्ष. 'साहस' घ्या. आज शाळेत मुलांना साहसकथा वाचायला देतो. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मात्र 'साहस' हे गुन्ह्यांच्या एका प्रकाराचं नाव आहे. बळजबरीनं, उघड उघड केलेला अपराध म्हणजे साहस, आणि त्यासाठी दंड सांगितलेला आहे. कायद्याच्या यादीतला गुन्हा शतकानुशतकं चालत येऊन सद्गुण झाला.

हा चढ कसा होतो ते आमच्या गावानं डोळ्यांनी पाहिलं आहे. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारच्या मंगळबाजारात तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तो आणि त्याचे चार सोबती पडले. सरकारच्या दफ्तरी ती मिरवणूक म्हणजे बंदी मोडल्याचा अपराध होता, म्हणजे जुन्या अर्थानं साहस. गावानं तिला साहसच म्हटलं, नव्या अर्थानं. त्या दिवशी एकाच चौकात एकाच कृतीला शब्दाचे दोन्ही अर्थ लागू होत होते. कुठला टिकला ते आपण जाणतो. शब्दाला वर चढवतात ती माणसं, खाली उतरवतात तीही माणसं.

याहून नेमका दाखला विड्याच्या पानातच आहे. विडा आणि सुपारी एकाच ताटातल्या. विजापूरच्या दरबारात अफझलखानानं विडा उचलल्याची कथा मराठी मुलाला कळत्या वयापासून माहीत असते. १६५९ सालच्या त्या मोहिमेचा हेतू शिवाजीराजांना जिवंत किंवा मृत आणण्याचा होता. आजच्या बोलीत ती सरळ सुपारी होती. असं असूनही 'विडा उचलणे' हा वाक्प्रचार काळाच्या ओघात धुऊन स्वच्छ झाला. कोणी व्यसनमुक्तीचा विडा उचलतो, कोणी झाडं लावण्याचा, कोणी आदिवासी मुलींच्या शिक्षणाचा. रक्ताच्या कामासाठी उचललेलं पान समाजसेवेला लागलं, आणि गणपतीच्या जागी बसणारी सुपारी रक्ताच्या कामाला लागली. एकाच तबकातल्या दोन वस्तू उलट्या दिशांनी गेल्या. तेव्हा शब्दाचं भविष्य त्याच्या जन्मावरून ठरत नाही. त्याला पुढे कोणत्या कामाला लावलं जातं, त्यावरून ते ठरतं.

गुप्त बोलीचे सगळेच शब्द असे बाजारात येत नाहीत. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची नंदभाषा नावाची एक सांकेतिक बोली होती. गिऱ्हाइकासमोर आपसात भाव बोलता यावा म्हणून तिचे आकडे वेगळे. एक म्हणजे केवली, दोन म्हणजे अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू. पेठेत कित्येक पिढ्या हे आकडे चालले. आज कोशात सापडतात, दुकानात ऐकू येत नाहीत. त्यांचा सगळा उपयोग लपवण्यात होता. ज्याला कळू नये त्याला कळले की ते निरुपयोगी, आणि ज्यांना कळायचे ती माणसं गेली की तेही गेले. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून होणारा भाव असाच मुका राहिला. भाषेत त्याचा शब्द झाला नाही. सुपारीचं तसं नव्हतं. टोळीनं तिला सांकेतिक केलं तरी ती मुळात उघडी होती. प्रत्येक घराला तिचा जुना अर्थ पाठ होता, म्हणून नवा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा तो या दोन अर्थांच्या घर्षणातूनच. जो चोरशब्द घरातल्या शब्दाचं बोट धरून येतो, तो घरातच राहतो.

आणि घरात राहिला की तो मवाळ होतो. माझा भाचा त्याच्या मित्राला म्हणतो, "आज तू माझी सुपारी घेतलीस का?" म्हणजे आज तू माझ्या मागे का लागला आहेस. परीक्षेच्या आदल्या रात्री, "या विषयाची सुपारी घेतलीये" म्हणजे हा विषय आज संपवणारच. या वाक्यांत रक्त नाही, भीती नाही, थोडी मौज आणि बराचसा निर्धार आहे. गंमत अशी की दुसऱ्या वाक्यात जुनं बंधन पुन्हा डोकावतं: घेतली म्हणजे पुरी करणार. अर्थ वर्तुळात फिरत नाही, पण फडमालकाच्या अर्थापासून तो फार लांबही राहत नाही. या वापराबद्दल मला तक्रार नाही. पोरं शब्दांशी खेळतात म्हणून भाषा जिवंत राहते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच वापराची. 'सुपारीबाज' हा शब्द गेल्या काही वर्षांत राजकारणात आणि वर्तमानपत्रांत रुळला. कोणी आंदोलन केलं, लेख लिहिला, प्रश्न विचारला की विरोधक म्हणतो, "याला सुपारी मिळाली आहे." ऑगस्ट २०२४ मध्ये तर या शब्दाची पुन्हा वस्तू झाली. बीडमध्ये शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाच्या कार्यकर्त्यांनी राज ठाकरे यांच्या ताफ्यावर सुपाऱ्या फेकल्या. दुसऱ्या दिवशी ठाण्यात उद्धव ठाकरे यांच्या ताफ्यावर मनसेच्या कार्यकर्त्यांनी नारळ फेकले. सुपारी आणि नारळ. दोन्ही कलशाजवळचे, दोन्ही शुभाचे. रस्त्यावर पडलेल्या त्या सुपाऱ्यांचं चित्र पाहून माझ्या मनात पक्षांचा विचार आला नाही. मला माझी आजी आठवली. पूजा उठली की ती सुपारी उचलून डोळ्यांना लावायची आणि मग डब्यात ठेवायची.

या तीन वापरांमध्ये एक फरक आहे आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकात आहे. बँडवाल्याच्या सुपारीत दोन गोष्टी असतात, मोबदला आणि शब्द. मारेकऱ्याच्या सुपारीतही त्या दोन्ही असतात. काम घोर आहे, पण बांधिलकीचा सांगाडा शाबूत आहे. 'सुपारीबाज' म्हणताना मात्र शब्द गळून पडतो आणि फक्त मोबदला उरतो. त्या विशेषणात एक गृहीत धरलेलं असतं: माणूस पैशावाचून काही बोलतच नाही. कोणी मनापासून संतापतो, कोणी पदरचं भाडं भरून मोर्चाला जातो, कोणी रात्र जागून लिहितो, हे त्या एका शब्दानं खोटं ठरतं, आणि ते ठरवायला पुरावा लागत नाही. खुनाचा आरोप सिद्ध करायला न्यायालय लागतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १११व्या कलमात पैसे घेऊन केलेल्या हत्येला संघटित गुन्ह्यांच्या यादीत नाव घेऊन बसवलं आहे. तिथे साक्षी आहेत, पुरावे आहेत, बचावाची संधी आहे. 'सुपारी घेतली' या वाग्बाणाला यांतलं काहीच लागत नाही, आणि तो ज्याला लागतो त्याला आपलं मन उघडून दाखवण्याची सोय नसते.

म्हणून मला असं वाटतं की सुपारीचा अर्थ टोळ्यांनी पोकळ केला नाही. त्यांनी तो काळा केला, पण आत शब्द शिल्लक होता. पोकळ करतो आहोत ते आपण, रोजच्या सोप्या संशयानं. ज्या वस्तूची बाजारात काही किंमत नव्हती आणि म्हणूनच जी विश्वासाची खूण झाली होती, तिला आपण विकाऊपणाची खूण केली. शब्दाच्या अर्थात झालेला हा बदल आपल्यातल्या बदलाची नोंद आहे. एकमेकांच्या बोलण्यावर आपला विश्वास किती उरला, ते या एका शब्दाच्या आजच्या अर्थावरून वाचता येतं.

शब्दाला जुन्या जागी ओढून नेता येत नाही. कोशात लिहून ठेवल्यानं तो थांबत नाही. १९०७ साली ग्रियर्सननं आपल्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोली आणि खान्देशी एकत्र नोंदवल्या. त्या नोंदी मोलाच्या आहेत, पण त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत बोली पुढे चालत राहिल्या, पुस्तक जिथल्या तिथे राहिलं. अर्थ टिकतो तो वापरानं. एखादा अर्थ जगावा असं वाटत असेल तर त्या अर्थाचं काम जगात चालू राहिलं पाहिजे. सुपारी घेऊन वेळेवर येणारा बँड आहे तोवर, फुटलेल्या सुपारीला जागणारी सोयरीक आहे तोवर, हा शब्द पुरता हरवलेला नाही. आपल्या हातात असेल तर एवढंच: समोरच्या माणसाविषयी 'सुपारी घेतली' म्हणण्याआधी क्षणभर थांबायचं आणि आपल्याकडे कुठली सुपारी आहे, कुणाला दिलेला शब्द अजून पाळायचा राहिला आहे, ते आठवायचं.

लग्न वैशाखात लागलं. आदल्या दिवशी मी बँडमालकांना फोन केला नाही. भाचा दोनदा म्हणाला, एकदा विचारून तरी घेऊ. संध्याकाळी साडेपाचला गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. लाल कोट घातलेली पंचवीस माणसं उतरली. ताशावाल्यानं चामडं तापवायला कागद पेटवले. चहा देताना मालक सहज बोलून गेले की याच तारखेसाठी सुरतेहून दुप्पट पैशाचा निरोप आला होता. मग त्यांनी वही काढून हिशोब दाखवला. बाकी रकमेचा आकडा होता, आणि तारखेपुढे माघातल्या त्या दिवशी लिहिलेले दोन शब्द होते: सुपारी आली.